धर्मादाय खाते : व्यापाऱ्याच्या वहीतील एक विसरलेले पान

यंदाच्या स्मरणिकेसाठी व्यापार आणि समाजसेवा यांच्या संबंधाविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम मनाला संकोच वाटला. मी व्यापारी नव्हे. माझे सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. तथापि माझे वडील आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत एका आडत दुकानी दिवाणजी होते, आणि दिवाळीपूर्वी वह्यांचा ताळा जमविताना ते मला हाताशी घेत. मी कीर्दीतील रक्कम मोठ्याने वाचावी आणि त्यांनी खतावणीतील त्या रकमेपुढे बारीक टिंब द्यावे, असा क्रम असे. अशा वेळी दर दोन-तीन पानांआड एक नाव येई : श्री धर्मादाय खाते. एकदा मी न राहवून विचारले, "अण्णा, हे धर्मादाय कोण? यांचे दुकान कोणत्या पेठेत आहे?" वडिलांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "त्याला दुकान नाही. म्हणून त्याचे पैसे आपल्याकडे ठेवायला असतात." त्या वयात मला या उत्तराचा अर्थ उमगला नाही. पुढे ज्या खात्यातून माझ्या ताटात भाकरी येत होती, ते हेच खाते होते हे कळले, आणि ते खाते एके दिवशी कसे नाहीसे झाले हेही पाहिले. त्याविषयी पुढे लिहीनच. प्रथम या खात्याचा थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे.

धर्मादाय हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रूढ होता. एक सरकारी धर्मादाय. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, ती या जातीची. देवस्थानांची इनामे, अन्नछत्रांच्या नेमणुका याही त्यातच मोडतात. राज्य गेले की असे धर्मादाय राज्यकर्त्याच्या मर्जीवर उरतात. १८१८ नंतर इंग्रजांनी दक्षिणेच्या रकमेतील काही भाग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. ही पाठशाळा १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झाली. दक्षिणेचा इतिहास मोठा आहे, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

दुसरा धर्मादाय बाजारपेठेचा. त्याला सनद लागत नसे. मालाच्या प्रत्येक उलाढालीवर, दर पोत्यामागे, दर गाठीमागे अथवा दर शेकड्यामागे एखादा पैसा किंवा आणा बिलात वेगळा लावायचा, तो वहीत वेगळ्या खात्यावर जमा करायचा आणि वर्षभरात त्यातून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई, देवळाची दिवाबत्ती, अनाथाची क्रिया, गरीब विद्यार्थ्याची फी असे खर्च नावे टाकायचे, ही त्याची रीत. यास कोठे "लाग" म्हणत, कोठे "धर्मादा", कोठे नुसते "धर्माचे". रक्कम एवढी अल्प असे की देणाराला तिचा भार वाटू नये. परंतु पेठेत वर्षाला हजारो पोती चढत-उतरत. त्यामुळे त्या अल्प रकमेची बेरीज अशी होई की एखादी लहान संस्था तिच्यावर निश्चिंतपणे चालावी. राज्ये बदलली तरी हा धर्मादाय खंडित झाला नाही, कारण त्याचा उगम बाजारात होता आणि बाजार रोज भरत असे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबई सरकारच्या हुकमाने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालू होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने घरांतून व अंगणांतून कुत्री ओढून नेली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान असल्याने कोटातील पारशी बांधव खवळून उठले. हिंदू व जैन व्यापारीही त्यांच्यासह दुकाने बंद करून उभे राहिले. दंगल झाली, धरपकड झाली. हे प्रकरण शांत झाल्यावर शहरातील धुरीणांनी विचार केला की नुसता निषेध करून जनावरांची सोय होत नाही. त्यातून सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईच्या पांजरपोळीची स्थापना झाली. भुलेश्वरातील पांजरपोळ ती हीच.

या दोघांकडे संपत्तीची वाण नव्हती. मनात आणते तर एक भली मोठी रक्कम देऊन, पाटी लावून मोकळे झाले असते. स्वतःच्या देणग्या तर त्यांनी दिल्याच, परंतु पांजरपोळीच्या रोजच्या चाऱ्यापाण्याचा प्रश्न त्यांनी देणगीवर सोपविला नाही. निरनिराळ्या मालांच्या व्यापाऱ्यांना एकत्र करून कापूस, साखर इत्यादी जिनसांच्या उलाढालीवर त्यांनी पांजरपोळीसाठी लाग बसविण्याचे ठरविले, आणि व्यापाऱ्यांनी तो आपखुषीने मान्य केला. मला या घटनेत मोठे शहाणपण दिसते. जनावर रोज खाते. दाता मात्र रोज देत नाही. तो प्रसंगाने देतो, घरात कार्य असले म्हणजे देतो, मन प्रसन्न असले म्हणजे देतो. व्यापार रोज होतो. म्हणून रोजच्या खर्चाची गाठ रोजच्या उलाढालीशी बांधली, की संस्थेच्या चालकांना दारोदार झोळी घेऊन हिंडावे लागत नाही. शिवाय पारशी, जैन आणि हिंदू हे तिन्ही समाज या एका कामात एकत्र आले, हीही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपण ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहितो-वाचतो आहोत म्हणून तर ती अधिकच ध्यानात ठेवावी.

मोठ्या दानाचे महत्त्व मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि वर्षानुवर्षे रुपया-आठ आण्यांच्या वर्गण्या गोळा करीत पायपीट केली. पुढे त्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी या गिरणीमालकांनी १९२० साली आपल्या मातोश्रींच्या नावे पंधरा लक्ष रुपयांचे दान जाहीर केले, आणि त्या दानाने विद्यापीठाचा पाया पक्का झाला. परंतु असे ठाकरसी शतकात एखादेच. आपल्यासारख्या मध्यम ज्ञातीच्या वाट्याला ठाकरसी येत नाहीत. आपल्या वाट्याला किराणा दुकानदार, कापड दुकानदार, सुताचे व गुळाचे व्यापारी, आणि अलीकडे औषधांची व विजेच्या सामानाची दुकाने चालविणारे तरुण येतात. त्यांच्यासाठी जमशेटजींचा दुसरा मार्गच उपयोगाचा.

कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली, हा राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीचा इतिहास सर्वश्रुत आहे. महाराजांनी जागा दिल्या, अनुदाने दिली. परंतु वसतिगृह म्हणजे नुसती इमारत नव्हे. स्वयंपाकीण, जळण, धान्य, कंदिलाचे तेल, आजारी मुलाचे औषध हे खर्च ज्याने त्याने आपल्या समाजातून उभे करावयाचे होते. ज्या समाजात दुकानदारी होती त्यांना ते सुलभ गेले. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, तेव्हा त्या समाजापाशी पेढ्या नव्हत्या, वह्या नव्हत्या आणि म्हणून धर्मादाय खातेही नव्हते. ज्याच्यापाशी बाजार आहे त्याच्याच मुलांना बाजाराचा धर्म मिळावा, हा या पद्धतीतला दोष होय, आणि तो आपण प्रांजळपणे कबूल केला पाहिजे. वर्ध्याचे कापसाचे व्यापारी शेठ जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली हरिजनांना खुले केले, तेव्हा व्यापाऱ्याच्या धर्माची मर्यादा ज्ञातीच्या उंबरठ्यापलीकडे नेता येते हे दिसून आले.

आता या खात्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. ती तितकीशी उजळ नाही, आणि ज्ञातीच्या स्मरणिकेत ती लिहावी की नाही असा विचार माझ्या मनात दोनदा येऊन गेला. परंतु आपल्याच माणसांपाशी खरे बोलावयाचे नाही तर कोणापाशी?

धर्मादायाचा पैसा मुळात कोणाचा? दुकानदार तो बिलात लावतो. देतो मात्र घेणारा किंवा विकणारा. शेतकरी माल घेऊन आडतीवर आला की त्याच्या पट्टीतून आडत, तोलाई, हमाली, कडता अशा कपाती होत, आणि त्यांच्या शेपटाला धर्मादाय, गोरक्षण, देऊळ अशा आणखी दोन-तीन कपाती चिकटत. त्या बिचाऱ्याला कोणी विचारीत नसे. त्याच्या गावी शाळा नाही, विहिरीला पाणी नाही, आणि त्याच्या पैशावर तालुक्याच्या गावी धर्मशाळा बांधली जाई. तिच्यावर नाव मात्र शेटजींचे. १९२६ साली नेमलेल्या शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात बाजारातील अशा नाना तऱ्हेच्या कपातींवर कडक टीका केली. वऱ्हाडात तर त्याच्याही पूर्वी बाजाराला शिस्त लावण्याचा आरंभ झाला होता. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ सालीच नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजाराचा कायदा व १९३९ चा शेतमाल बाजाराचा कायदा, आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ चा कायदा, अशा पायऱ्यांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून मनास येईल ती कपात करण्याची वाट बंद होत गेली. ती बंद झाली हे योग्यच झाले. पुण्य करावयाचे तर आपल्या नफ्यातून करावे. दुसऱ्याच्या घामातून नव्हे.

शेतकऱ्याच्या पट्टीतून गेलेला धर्मादाय खरेदीदाराच्या बिलात मात्र राहिला. कायद्यानेही त्याची दखल फार बारकाईने घेतली आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, कारण आपले मंडळही त्याखालीच नोंदलेले आहे. अलीकडे त्याच्या नावातील मुंबई जाऊन महाराष्ट्र हा शब्द आला आहे. या कायद्याचे ५४ वे कलम केवळ धर्मादायासाठी आहे, हे फार थोड्या व्यापाऱ्यांना ठाऊक असते. त्याचा आशय असा : व्यापारातील रूढीने किंवा उभयतांच्या कराराने, कोणत्याही नावाखाली, धर्मकार्यासाठी म्हणून जी रक्कम लावली किंवा गोळा केली जाते, ती गोळा करणाऱ्याच्या हाती विश्वस्त या नात्याने असते. त्याने आपले हिशेबाचे वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे पाठविला पाहिजे. तो हिशेब तपासण्याचा आणि रकमेच्या विनियोगाविषयी आदेश देण्याचा अधिकार त्या कार्यालयाला आहे. म्हणजे माझ्या वडिलांनी बालबुद्धीला समजेल असे जे सांगितले होते, तेच कायद्याने आपल्या भाषेत सांगितले. पैसे आपल्या गल्ल्यात असले तरी आपले नव्हेत.

न्यायालयांतही या शब्दाचा मोठा मनोरंजक प्रवास झाला आहे. कोणा सद्गृहस्थाने मृत्युपत्रात आपली मालमत्ता "धर्मासाठी" ठेवली तर? मुंबईच्या अशा एका दाव्यात १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की धर्म हा शब्दच अनिश्चित आहे. विल्सनच्या कोशात त्याचे कायदा, सद्गुण, कर्तव्य असे अनेक अर्थ दिले आहेत. तेव्हा त्यावर न्यायालयाला देखरेख ठेवता येणार नाही, सबब ते दान निरर्थक. आपल्या ज्या शब्दावर साऱ्या संस्कृतीचा डोलारा उभा, त्याची अशी वासलात लागलेली पाहून आपल्या लोकांना फार वाईट वाटले, आणि ते साहजिकच होते. परंतु व्यापाऱ्याच्या वहीतील धर्मादायाला हा नियम लावावा काय, हा प्रश्न स्वतंत्र भारतात पुन्हा उभा राहिला. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सने ग्राहकांकडून धर्मादाय म्हणून घेतलेल्या रकमेवर प्राप्तिकर मागण्यात आला, तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की व्यापाराच्या रूढीत धर्मादाय या शब्दाला निश्चित अर्थ आहे, तो दानधर्माचाच होय. आणि ही रक्कम आरंभापासूनच त्या कामासाठी राखलेली असल्याने ती गिरणीचे उत्पन्न नव्हे. पुढे आपल्या संगमनेरच्या डी. जे. मालपाणी या पेढीच्या प्रकरणात, बिलातील धर्मादाय हा मालाच्या किमतीचाच भाग समजून त्यावर उत्पादनशुल्क आकारावे काय, असा वाद निघाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही निकालात काढला : गिऱ्हाइकाने स्वेच्छेने धर्मकार्यासाठी दिलेला पैसा हा मालाचा मोबदला होत नाही. प्रिव्ही कौन्सिलला जो शब्द समजला नाही, तो आपल्या मुनीम-दिवाणजींना पिढ्यान्‌पिढ्या समजत होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

परंतु या निकालांचा आधार नीट पाहिला पाहिजे. धर्मादाय उत्पन्न नाही, किंमत नाही, हे केव्हा? तर तो वेगळा राखला आणि धर्मकार्यातच खर्चला असेल तेव्हा. खाते वेगळे, पण पैसा एकच, अशी स्थिती झाली की सारेच बिघडते.

येथे मला माझी हकीगत सांगणे भाग आहे. माझे शालान्त परीक्षेपर्यंतचे शिक्षण जिल्ह्याच्या गावी ज्ञातीच्या लहानशा वसतिगृहात राहून झाले. आम्ही चौदा मुले होतो. स्वयंपाकाला एक विधवा बाई होत्या. त्यांना आम्ही सारे मावशी म्हणत असू. वसतिगृहाचा धान्याचा खर्च मुख्यतः एका पेढीच्या धर्मादाय खात्यातून चाले. त्या पेढीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. मालक माणूस वाईट नव्हता, आम्हा मुलांना दिवाळीस फराळ पाठवी. परंतु धर्मादायाची शिल्लक वर्षानुवर्षे पेढीतच राही. व्यापारात पैशाची तंगी आली की ती भांडवलात फिरे आणि हंगाम संपला की वहीत पुन्हा पूर्ण दिसे. मी शेवटच्या इयत्तेत असताना बाजार कोसळला आणि पेढीने हात वर केले. देणेकऱ्यांची यादी झाली, तीत सावकार होते, बँक होती, शेतकरी होते. धर्मादाय खाते त्या यादीत नव्हतेच. त्याच्या वतीने मागणी करणार कोण? त्याला दुकान नव्हते.

वसतिगृहाची चूल ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडली. मावशींचा चार महिन्यांचा पगार थकला होता. त्यांनी आम्हाला काही सांगितले नाही. स्वतःच्या घरून भाकऱ्या करून आणू लागल्या, आणि आम्ही चौदाजण त्या वाटून खात असू. दोन मुले शाळा सोडून गावी गेली ती परत आली नाहीत. त्यांतील एक गणितात माझ्याहून पुष्कळ पुढे होता. माझ्या वडिलांना ही हकीगत कळली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आपल्याही दुकानच्या वहीत तसेच खाते होते, हे त्यांच्या मनात आले असावे. त्या वर्षीच्या पाडव्याला त्यांनी मालकांपुढे हात जोडून एवढेच मागितले की धर्मादायाची शिल्लक दर महिन्याच्या अखेरीस पोस्टात वेगळ्या पुस्तकावर भरावी. मालकांनी ते मान्य केले. वडील त्या गादीवर होते तोवर तो क्रम चुकला नाही.

पुढे वह्यांची जागा संगणकाने घेतली. हिशेबाचे काम दिवाणजींकडून सनदी लेखापालांच्या कचेरीत गेले, आणि ज्या खात्याचा करविवरणात उपयोग नाही ते खाते आपोआप गळून पडले. कोणी ठरवून ते बंद केले नाही. आपल्या तरुण दुकानदारांत दातृत्व कमी आहे असेही मला वाटत नाही. वसतिगृहाला कोणी पंखे दिले, कोणी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले. प्रत्येकावर दात्याचे नाव ठसठशीत रंगविलेले आहे. परंतु पंखा फिरविण्यास जी वीज लागते तिचे बिल कोणाच्याही नावाने लागत नाही. स्वयंपाकिणीच्या पगारावर पाटी लावता येत नाही. गतवर्षी आमच्या हिशेबात वस्तुरूप देणग्यांची यादी दोन पाने भरली, आणि त्याच वर्षी किराण्याची उधारी फेडण्यासाठी मुदतठेव मोडावी लागली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. हिशेबनीस या नात्याने जे दिसले ते लिहिले आहे.

काही सभासद म्हणतात की आता मोठ्या कंपन्यांना कायद्यानेच दानधर्म करणे भाग आहे, तेव्हा आपण त्यांच्याकडे अर्ज करावा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि १ एप्रिल २०१४ पासून ते अंमलात आले, ही गोष्ट खरी. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, अशा त्या कायद्याने आखलेल्या मर्यादा होत्या. आपल्या ज्ञातीत अशी कंपनी एकही नाही. बाहेरच्या कंपन्यांकडे जावे तर त्यांना मोठा प्रकल्प हवा, त्याचा अहवाल हवा, छायाचित्रे हवीत, आणि २०२१ पासून संस्थेने त्या कामासाठी सरकारदरबारी वेगळी नोंदणीही केलेली असावी लागते. पंचवीस मुलांच्या वसतिगृहाचा पीठ-मिठाचा खर्च त्यांच्या नजरेत भरत नाही. त्यांचा दोष नाही. हत्तीला मुंगीचे घर दिसत नाही. लहान संस्थेचा आधार तिच्या शेजारचे लहान दुकानच.

मग आजच्या दुकानदाराने काय करावे? गिऱ्हाइकाच्या बिलात लाग लावावा असे मी म्हणणार नाही. तो काळ गेला आणि गिऱ्हाइकाला न विचारता घेतलेला धर्मादाय मला पूर्वीही रुचत नव्हता. आपल्या नफ्यातून, दर दिवसाच्या विक्रीवर, जो काही अल्प अंश मनाला झेपेल तो ठरवावा. शंभर रुपयांमागे दहा पैसे ठरविले तरी हरकत नाही. रक्कम कितीही लहान असो, ती रोज निघावी आणि महिन्याअखेरीस दुकानातून बाहेर जावी. दुकानात ती मुक्कामाला राहू नये, एवढी एकच अट मी आग्रहाने घालीन. तिचे कारण वर आलेच आहे. आणि ती अमुकच वस्तूसाठी म्हणून देऊ नये. संस्थेच्या चालकांवर विश्वास नसेल तर त्यांना बदलावे, पण विश्वास ठेवून चालविण्यास दिले असेल तर विजेचे बिल भरण्याची मुभाही द्यावी.

पैशाखेरीज व्यापाऱ्यापाशी दुसरेही धन असते. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर ही व्यापाऱ्यांची संस्था अनेक वर्षे दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा करून विकते. घाऊक खरेदी कशी करावी, माल केव्हा स्वस्त असतो, मोठ्या प्रमाणावर काम कसे उठवावे, हे जे त्यांचे धंद्याचे ज्ञान, तेच येथे सामान्य माणसाच्या उपयोगी पडले. आपल्यातील एका धान्य व्यापारी बंधूने गेल्या हंगामात वसतिगृहाचे वर्षाचे गहू व ज्वारी स्वतःच्या मालाबरोबर खरेदी करून स्वतःच्या गाडीतून आणून टाकले आणि फक्त खरेदीची किंमत घेतली. त्यांनी देणगी दिली नाही, म्हणून स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. परंतु किराण्याच्या बिलात जी बचत झाली तीतून दोन मुलांची सहामाही फी भागली. दुसऱ्या एका बंधूंच्या कन्येने, ज्या सध्या हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेत आहेत, दर रविवारी दोन तास येऊन आमची सारी मोडकी दप्तरे लावून दिली. मी तीस वर्षे मुलांना हिशेब शिकविला, पण माझ्या वहीतील चुका त्या मुलीने पहिल्या रविवारीच काढल्या. थोडा ओशाळलो, पण आनंदच झाला.

आणि द्यावयाचे कोणाला, हाही विचार करावा. आमच्या वसतिगृहात गेली काही वर्षे इतर समाजांची मुलेही घेतली जातात. त्यावर कुरकुर झाली होती, आणि अजूनही कधीकधी कानावर येते. माझे उत्तर एवढेच आहे की आपल्या दुकानांत येणारे गिऱ्हाईक जर सर्व समाजांचे आहे, तर त्याच्या पैशातून झालेल्या नफ्याची भाकरी एकाच ज्ञातीच्या ताटात पडावी हा हिशेब जुळत नाही. वडिलांपुढे कीर्द वाचीत असतो तर त्यांनी तेथे टिंब दिले नसते.

मंडळाच्या कार्यकारिणीने यंदापासून वसतिगृहाच्या हिशेबाची वही बलिप्रतिपदेच्या सायंकाळी वसतिगृहाच्या जेवणघरात सर्वांसमक्ष वाचण्याचे ठरविले आहे. छापील ताळेबंद नेहमीप्रमाणे सर्वसाधारण सभेत मिळेलच. पाडव्याला मात्र रोजकीर्द वाचली जाईल, मिठापासून मजुरीपर्यंत. ज्या दुकानदार बंधूंनी आपल्याकडे धर्मादाय खाते पुन्हा उघडले आहे त्यांनी आपला महिन्यांचा तपशील बरोबर आणावा. वाचन विद्यार्थी करतील. टिंब देण्यास मी बसणार आहे.